बॅटरीचा मेन

दाजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आयुष्यभर शहरातली बस चालवून निवृत्त झाले. लोक निवृत्तीनंतर झाडं लावतात. दाजींनी एक जुनी मोटरहोम घेतली. आत दोन बाक, ओटा, छोटा फ्रिज आणि वायरींचं जंजाळ. आधीच्या प्रत्येक मालकानं त्यात आपापली भर घातलेली.

त्यांची लेक दूरच्या गावी. तिच्याकडे या गाडीनंच जायचं ठरलं आणि मलाही मागच्या बाकावर बसवलं. निघताना दाजींनी विजेची व्यवस्था समजावली.

"मुक्कामाला पोचलो की बाहेरच्या खांबाला केबल लावायची. तिच्यावर दिवे, पंखा, फ्रिज चालणार आणि मागची बॅटरीही भरणार. सकाळी केबल काढली की रस्ताभर फ्रिज त्या बॅटरीवर. कळलं?"

"मला कळलंय हो," बहीण म्हणाली. "गाडीला कळलंय का?"

गाडीला कळलं नव्हतं. मुक्कामात फ्रिज उत्तम चाले, पण रस्त्याला लागलो की तासाभरात मान टाके. आत बहिणीचं महिनाभराचं इन्सुलिन. मग वाटेत दिसेल त्या दुकानापुढे गाडी थांबवायची, बर्फ मागायचा आणि ती औषधाचा डबा मांडीवर धरून बसायची.

दाजींनी केबल बदलली. प्लग बदलला. बॅटरीसुद्धा नवी आणली. तरी तेच. शेवटी एका मुक्कामतळावर ते रखवालदारावर घसरले, "तुमच्या खांबात करंटच अशक्त आहे!"

"काका, याच खांबावर शेजारच्या गाडीतल्या बाई इस्त्री करताहेत," तो म्हणाला.

त्या दुपारी बर्फही मिळाला नव्हता. डबा कोमट लागला तशी बहिणीनं निर्वाणीचं सांगितलं, "उद्या फ्रिज बंद पडला तर मी औषध घेऊन सरळ बसनं लेकीकडे जाणार. तुम्ही या मागून, तुमच्या वायरी सोडवत."

ज्यानं जन्मभर लोकांना वेळेवर पोचवलं, त्याची बायको दुसऱ्याच्या बसमध्ये! दाजींचा चेहरा एवढासा झाला. गाडी सावलीत घ्यायचं निमित्त काढून ते स्टिअरिंगवर जाऊन बसले.

बहीण आतल्या बाकावर शेंगा सोलत होती. तिनं पाहिलं: दाजींनी गाडी लावली, हँडब्रेक ओढला, काचेवरून फडकं फिरवलं आणि मग खाली वाकून दोन सीटांच्या मधे हात घातला. खट्.

"ते काय केलंत?"

"कुठे काय?"

"आत्ता खट् वाजलं ते."

"मागच्या बॅटरीचा मेन स्विच बंद केला. सकाळी निघताना चालू, गाडी उभी केली की बंद करायचाच. डेपोची शिस्त आहे. नाहीतर रात्रीत बॅटरी उतरते."

"रोज करता?"

"मग! एक दिवस चुकलो नाही."

"अहो, बॅटरीच बंद केलीत तर ती भरणार कुठून?"

बाहेरची वीज दिव्यांपर्यंत येत होती, फ्रिजपर्यंत येत होती, पण बॅटरीची वाट मात्र दाजी स्वतःच्या हातानं रोज संध्याकाळी अडवत होते. त्यांनी पुन्हा वाकून तो स्विच बोटांनी चाचपला.

"नवी बॅटरी आणलीत ती कशाला?" बहिणीचा आवाज चढला. "तीही कोंडून ठेवायला?"

"अगं, हात आपोआप जातो."

"मग हाताला सांगा! रखवालदाराला काय सांगताय?"

शेंगांची ताटली तिनं माझ्या हातात आदळली. दाजींनी मेन चालू केला, खांबाला पुन्हा केबल लावली आणि रखवालदाराची माफी मागितली. त्यानं हसू दाबलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीनं फ्रिज उघडला. इन्सुलिनची बाटली गालाला लावून पाहिली. गार होती. बाटली जागेवर ठेवून तिनं फ्रिजचं दार लावलं. दाजी नुसतेच आरशातून पाहत राहिले.

संध्याकाळी पुढच्या मुक्कामाला केबल लावून झाली. हँडब्रेक. फडकं. आणि दाजी सवयीनं खाली वाकले. स्विचवर बहिणीची चप्पल होती, चपलेत पाय.

"पाय काढ की गं."

"नाही काढत."

लेकीचं घर येईपर्यंत प्रत्येक मुक्कामाला, दाजी सीटवरून उतरेपर्यंत, तो पाय तिथून हलला नाही.