टेकडीवरच्या कंडक्टर मावशी

“त्यानं तिकीट काढलंय का?”

कुणी हसलं, नाक मुरडलं, शहाणपण शिकवायला आलं, की मावशी एवढंच विचारायच्या. तिकीट काढलेल्या माणसाची तक्रार ऐकून घ्यायची, फुकट्याची नाही, हा त्यांचा एसटीतला नियम. कंडक्टरकीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो सगळ्या जगाला लावला.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते केंदूरच्या एका चहाच्या टपरीवर. रांजणगावच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे आणि राजेश पेंट शॉपला. तो मूळचा बिहारचा. सुट्टीच्या सकाळी आम्ही दोघं गावामागच्या टेकड्यांत सायकली चालवायला जायचो. चहा घेत होतो, तेवढ्यात दणकट टायरची माउंटन बाईक समोर येऊन थांबली. वर पंजाबी ड्रेसमधल्या एक बाई. ओढणी कमरेला करकचून बांधलेली, हेल्मेटखालून वेणी बाहेर आलेली, वय साठीच्या घरात.

“आजीबाई, नातवाची सायकल पळवली व्हय?” टपरीवरच्या एकानं विचारलं.

बाईंनी पाय टेकला, त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आम्हाला विचारलं, “ह्यानं तिकीट काढलंय का?” मग चहा सांगितला.

सायकल नातवाची नव्हे, मुलाची होती. तो नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि सायकल शिरूरच्या घरात, पॅसेजमध्ये टांगलेली राहिली. “येता-जाता डोक्याला लागायची,” मावशी सांगायच्या. “शेवटी तिला म्हटलं, तू खाली ये, न्हाईतर मी वर येते.”

त्या दिवसापासून आम्ही तिघं झालो.

केंदूरच्या मागं गेला असाल तर तुम्हाला तो भाग माहीत असेल. खालून पाहिलं तर टेकड्या उघड्याबोडक्या वाटतात. आत शिरलं की वनखात्याची झाडी लागते, खैर, हिवर, बोरी, आणि दोन टेकड्यांच्या मधल्या घळींत तर पावसाळ्यात ऊनसुद्धा खाली उतरत नाही. गुरामेंढरांनी पाडलेल्या पायवाटा वळत-वळत जातात. आम्ही त्यांना ट्रेल म्हणायचो. मावशी रूट म्हणायच्या. प्रत्येक रूटला त्यांनी थांबे दिले होते. मोर दिसायचा ते वळण म्हणजे ‘मोर फाटा’. घसरड्या मुरमाचा सरळ उतार म्हणजे ‘विनंती थांबा’.

“विनंती कुणाला करायची, मावशी?” मी विचारलं.

“ज्याचं-त्यानं बघावं. मी म्हसोबाला करते.”

राजेश उतारावर दोन्ही ब्रेक आवळून बसायचा. मागून मावशींचा आवाज यायचा, “राजेशभाऊ, ब्रेक छोडो! ब्रेक क्या तुमको पेन्शन देनेवाला है? चलो, आगे सरको!” तो बिचारा घाबरून ब्रेक सोडायचा आणि थेट बोरीच्या जाळीत शिरायचा. मग मावशी त्याच्या पाठीतले काटे काढायच्या आणि वर त्यालाच सांगायच्या, “देखा? पोहोच गया ना खाली?”

एकदा मी विचारलं, ह्या वयात हे कुठून सुचलं? त्या टेकडीच्या माथ्यावर दगडावर बसून शेंगदाणे खात होत्या. खाली न्हावऱ्याच्या बाजूला उसाचे हिरवे पट्टे दिसत होते.

“इंजिनियर,” त्या म्हणाल्या. मी डिप्लोमावाला, पण त्यांनी मला कायम वरचंच पद दिलं. “सगळी नोकरी मी मागं तोंड करून केली. पॅसेंजर मागं, म्हणून माझं तोंड मागं. पुढचा रस्ता सगळा ड्रायव्हरनं बघितला. शिरूर-दौंड कितींदा गेले असंन, पण समोरनं येणारं झाड कसं दिसतं ते मला ठावं न्हवतं.” शेंगदाण्याची टरफलं त्यांनी पिशवीत भरली. “आता बघते.”

मग एका रविवारी तिघांच्याही सायकली एकाच जागी पंक्चर झाल्या. वाटेत बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या, वरून पाचोळा पसरलेला. राजेश म्हणाला, वाऱ्यानं पडल्या असतील. मावशी म्हणाल्या, “वारा एवढं नीट झाकत न्हाई.”

झाडीतून एक म्हातारबाबा बाहेर आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मागं वीस-पंचवीस मेंढरं. पायथ्याला त्यांची शेती होती. कांदा करायचे, पण मेंढरांचा वडिलोपार्जित नाद सुटला नव्हता. सगळे त्यांना आबा म्हणायचे.

“मीच टाकल्यात,” आबांनी विचारायच्या आधीच सांगितलं.

माझं डोकं तापलं. मी काही बोलणार तेवढ्यात मावशींनी हात आडवा केला. “का टाकल्या, आबा?”

“तुमच्या सायकलीला आवाज न्हाई म्हणून. फटफटी आली तर लांबनं कळतं. तुम्ही वाघासारखं येताय, गुपचूप. मागल्या आठवड्यात पुण्याची पोरं आली, मेंढरं बिचाकली. गाभण मेंढी घळीत पडली. पाय मोडला तिचा.” आबांनी काठी घळीच्या दिशेनं केली. “तुमचा खेळ हुतो. माझी मेंढी हुती ती.”

पुण्याची ती पोरं आम्ही नव्हतो. मी तसं म्हणणारही होतो. पण मावशींनी वेगळंच विचारलं, “आता कुठं हाय ती?”

मेंढी आबांच्या गोठ्यात होती, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेली. आम्ही सायकली ढकलत तिथपर्यंत गेलो. मावशी तिच्यापाशी बसल्या आणि पिशवीतली उरलेली भाकरी मोडून तिच्या तोंडाशी धरली. मेंढीनं भाकरी खाल्ली, मग ओढणीचं टोकही चघळायला घेतलं. आबांच्या मिशीत काहीतरी हललं.

“सायकलीला आवाज दिला तर चालंल?” मावशींनी विचारलं.

“बघू,” आबा म्हणाले.

पुढच्या सुट्टीला मावशी शिरूरच्या बाजारातून तीन घंटा घेऊन आल्या. पितळी, जनावरांच्या गळ्यात बांधायच्या. सायकलची साधी घंटी का नाही, असं मी विचारलं. “ती आपुन वाजवली तरच वाजती. उतारावर तुझा हात मोकळा असतो का? ही आपसूक वाजंल.” बोलणं बरोबर होतं. आम्ही घंटा हँडलला बांधल्या आणि देवळात निघाल्यासारखे खणखणत ट्रेलवर निघालो.

मोर फाट्याच्या पुढं आबांची मेंढरं चरत होती. घंटा ऐकून सगळ्यांनी माना वर केल्या. एकही बिचकलं नाही. मावशींनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही उताराला लागलो.

मागून आबांची आरोळी आली. “अवं बाई! थांबा! अवं!”

मी वळून पाहिलं. सगळा कळप आमच्या मागं पळत सुटला होता. आबांच्या म्होरक्या बकऱ्याच्या गळ्यात नेमकी तसलीच घंटा होती. घंटा पुढं चालली, की आपण मागं जायचं, एवढं मेंढरांना पाठ होतं. आम्ही वेग वाढवला तशी घंटा जोरात वाजली, घंटा जोरात वाजली तशी मेंढरं जोरात पळाली. राजेश “अरे बाप रे, अरे बाप रे” करत सगळ्यांत पुढं. म्होरक्या बकरा आपलं पद गेल्यासारखा शेवटी एकटा उभा. आणि त्याच्या मागून आबा, घोंगडी सावरत, तिघांनाही शिव्या घालत.

विनंती थांब्याच्या अलीकडे मावशींनी सायकल आडवी घातली, खाली उतरल्या आणि घंटा ओढणीत गुंडाळून गच्च धरली. आम्हीही आमच्या घंटा मुठीत धरल्या. मेंढरं थांबली. तिथंच चरू लागली.

आबा धापा टाकत पोचले. आता काठी पडते की काय, असं मला वाटलं. आबा काठीवर टेकले, त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून हसूच बाहेर पडलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “बाई,” ते म्हणाले, “पन्नास वर्सं राखतोय मी. माझ्या मागं अशी कवाच पळाली न्हाईत.”

“पुढं सरका, जागा भरपूर हाय म्हणून सांगितलं मी त्यांना,” मावशी म्हणाल्या.

घंटा हँडलवरून सुटल्या. ठरलं ते सोपं होतं. निघताना आबांना फोन करायचा, मेंढरं ज्या टेकडीवर असतील ती सोडायची, आणि समोर आलीच तर उतरून चालायचं. पुण्याच्या पोरांना मावशींनी खिंडीत अडवून हाच नियम ऐकवला. एकजण वाद घालू लागला. त्याला मावशींनी गोठ्यात नेऊन मेंढी दाखवली. तो परत आला तो सायकल ढकलतच, आणि त्याच्या टी-शर्टाची कड चघळलेली होती. बाभळीच्या फांद्या पुन्हा कधी दिसल्या नाहीत.

ह्या वर्षी संक्रांत झाल्यावर एकदा माथ्यावर मावशींनी सांगितलं, “मी दौंडला चाललेय. ऱ्हायला.”

दौंडला त्यांची थोरली बहीण. अर्धांगाचा झटका आलेला, घरात दुसरं कुणी नाही. मी म्हणालो, बाई ठेवता येईल कामाला, मुलगा पैसे पाठवेल, तुम्ही अधूनमधून जात जा. त्यांनी ओढणी सोडून पुन्हा कमरेला बांधली. जायचं त्यांना जिवावर आलं होतं, हे आम्हाला दिसत होतं.

“मला सायकल ताईनं शिकवली,” त्या म्हणाल्या. “न्हावऱ्याच्या शिवारात, कॅरियर धरून. सोडते म्हणायची आन् सोडायची न्हाई.” त्यांनी नाक पुसलं. “चला, उतरू. ऊन व्हायला लागलं.”

सायकल त्यांनी बरोबर नेली. कॅनॉलच्या भरावावरून दूध आणायला जातात. तिथं सगळं सपाट आहे, म्हणतात, ब्रेकला काम नाही.

परवा आम्ही दोघं गेलो तेव्हा आबा माथ्यावर बसले होते. “बाईंना फोन लावा,” म्हणाले. मी व्हिडिओ कॉल लावला. मावशी दिसल्या, कपाळाला आठ्या, फोन अगदी तोंडाजवळ. “टेकडी दाखव, इंजिनियर. डावीकडं. अजून डावीकडं. खैराला पालवी आली का?” मी फोन फिरवला. पुन्हा आमच्याकडे वळवला तेव्हा चित्र थांबलं होतं. मावशी तोंड अर्धवट उघडं ठेवून आमच्याकडे पाहत होत्या.

आबांनी फोन माझ्या हातातून घेतला, दोन्ही हातांत धरला. “बाई, ती लंगडी व्याली बरं का. दोन झाली. एक पांढरं हाय, एक कवडं. पाऊस न्हाई अजून. कांदा काढला...”

“आबा, नेटवर्क गेलंय,” मी म्हणालो. “त्यांना ऐकू जात नाही.”

आबांनी मान हलवली, फोन उन्हातून सावलीत घेतला आणि पुढं सांगत राहिले.