आज पक्षकार रडलीच नाही

मंडळी, मी वकील आहे. आज दुपारी काळेवाडीच्या एक ताई माझ्या मोशीच्या ऑफिसात आल्या. घटस्फोटाचा अर्ज एआयकडून लिहून आणलेला. किरकोळ चुका सोडल्या, तर चोख!

एरवी पहिल्या भेटीत बायका लग्नातल्या मानपानापासून सुरू करतात आणि मध्येच रडतात. म्हणून मी पाण्याचा ग्लास आधीच भरून ठेवते.

"काय झालं, ताई?" मी विचारलं.

"सगळं मोबाईलला सांगून झालंय, मॅडम. रडूनही झालं. तुम्ही फक्त कोर्टात उभ्या राहा."

सेकंड शिफ्ट होती, चहालाही थांबल्या नाहीत.

राग आला, पण कुणावर काढणार? मी एकटी राहते. माझ्याशी मनातलं बोलणारे म्हणजे पक्षकारच.

ते पाणी शेवटी मीच प्यायले.

तुम्हाला आज कुणी काही सांगितलं का हो?