वीणा खाली ठेवायची नसते

परभणीच्या स्टेशनबाहेर पाथरीची जीप भरत होती. पेडगावला उतरव बाबा, असं ड्रायव्हरला बजावून मी खिडकीपाशी बसले आणि मोबाइल काढला. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्यावरून भांडण पेटलेलं, बहिणीने दत्ताची आरती पाठवलेली, शिवाय साड्यांची जाहिरात. आरती अर्धी ऐकली, साड्या मात्र शेवटपर्यंत पाहिल्या. मान वर केली तेव्हा पेडगाव केव्हाच मागे पडलं होतं. "हाक मारली की ताई, तुमी मोबाइलातच," ड्रायव्हर म्हणाला. मी पिशवी घेऊन उतरले.

कापसाच्या एका टेंपोने मला माघारी आणून सोडलं. मार्गशीर्षातली उन्हं मऊ होती. दोन्ही बाजूंना काळी रानं, शेंगांनी वाकलेली तूर, आणि कापूस वेचणाऱ्या बायकांच्या रंगीत ओढण्या धुक्यात तरंगल्यासारख्या दिसत होत्या. देवळावरच्या कर्ण्यातून टाळांचा आवाज कधी जवळून यायचा, कधी अगदी दुरून. टेंपोवाल्याने पैसे घेतले नाहीत. सप्त्याला आलेल्या माणसाकडून कसले पैसे, म्हणाला.

वत्सला दारातच उभी होती. डी.एड.ला परभणीच्या हॉस्टेलात आम्ही एका खोलीत राहिलो. पुढे ती इथल्या शाळेत लागली आणि मी नाशिकला गेले. "किती वाळलीस गं," एवढंच म्हणून तिने मला पंगतीत नेऊन बसवलं. ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसाल्याचं पीठ) घातलेली आमटी. डोळ्यांतून पाणी आलं, पण वाटी पुन्हा पुढे केलीच.

जेवताना तिने लेकीचं सांगितलं. रेखाला आठवा संपून नववा लागलेला. सासर जिंतूरला. आठवड्याने वत्सला तिला बाळंतपणाला आणणार होती. आज मात्र दुपारचा पहारा (वीणा घेऊन उभं राहण्याची पाळी) तिचा होता. सप्ताह बसला की वीणा हाती घेतात, ती सांगता होईपर्यंत जमिनीला टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, मधे नाव तुटू द्यायचं नाही. इथे दुपारचे पहारे बायकांकडे. मी आपलं विचारून पाहिलं, की उभ्या उभ्या कंटाळा येत नाही का? तिला माझा प्रश्नच कळला नाही.

तिने फोन माझ्याकडे दिला आणि वीणा गळ्यात घेतली. "राम कृष्ण हरी" सुरू झालं. सारं गाव कापसात गेलेलं. देवळात गुडघे धरून बसलेली एक आजी, पखवाजाला टेकून पेंगणारे एक बुवा आणि मी. खांबाला पाठ लावून मी वत्सलाकडे बघत होते. डोळे मिटून ती संथ डुलत होती. उदबत्तीचा धूर कवडशात शिरला की निळा व्हायचा. माझेही डोळे जडावले.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. जावई होता. रेखाला परभणीला दवाखान्यात आणलेलं. "मावशी, बीपी लय वाढलंय. आत्ताच सिझर करायलेत. सारखी आई-आई करायलीय. मामींना पाठवा." सासूला, म्हणजे वत्सलाला, तो मामी म्हणायचा.

पुढच्या पहाऱ्याची सखूबाई अजून रानातच. आजींना उभं राहवत नव्हतं आणि बुवांच्या हाताला कंप. मी वत्सलाच्या कानाशी जाऊन सांगितलं. तिचा रंग उडाला, पण नाव थांबलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, नाव घेत घेतच वाकून माझ्या पायांना हात लावला. वीणा देताना असं करतात, हे मला आजी हातवारे करून सांगत होत्या. मीही वाकले. तिच्या गळ्यातला हार माझ्या गळ्यात आला, मग पट्टा, मग वीणेचं वजन खांद्यावर.

"मला काही येत नाही गं," मी म्हणाले. तेवढ्यापुरतं आजींनी नाव उचलून धरलं.

"नाव घे. दुसरं काई करू नको," ती म्हणाली, आपला फोन घेतला आणि पारावरच्या कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून गेली.

मी घरी देवपूजा करते ती एका हाताने. दुसऱ्या हातात फोन असतो. इथे दोन्ही हात वीणेत अडकलेले. आधी मन नाशिकला पळालं, गॅस बंद केला का म्हणून. मग खांद्याला कळ लागली. मग रेखा आठवली, लहानपणी माझ्या मांडीवर बसून पेरू खाणारी. राम म्हणताना तीच दिसायची, हरी म्हणतानाही तीच. तार वाजत होती की माझ्याच छातीत काही घुमत होतं, कळेना. देऊळ कुठे संपतं आणि ऊन कुठे सुरू होतं, तेही कळेना.

पिशवीत माझा फोन वाजला. आजींनी खुणेने विचारलं, काढू का? मी मान हलवून नको म्हटलं. बातमी वाईट असली तर हात सुटतील, अशी भीती वाटली. फोन वाजून थांबला, परत वाजला. मी रडत होते आणि नाव घेत होते. देवा, पोरीला वाचव, एवढं एकच मागणं होतं आणि त्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं.

सखूबाई आली ती केसांत कापसाचे धागे घेऊनच. हातपाय धुऊन पुढे झाली. मी तिच्या पाया पडले, ती माझ्या. वीणा गेली आणि मी भिंत धरून खाली बसले. आजींनी पिशवीतून फोन काढून दिला. मी वत्सलाला लावला.

वत्सला पलीकडे रडत होती. "मुलगी झाली. दोघी चांगल्या हायेत."

दुसऱ्या दिवशी गाडी धरण्याआधी दवाखान्यात गेले. रेखा झोपली होती, वत्सला तिचा हात धरून बसलेली. बाळ पाहिलं, केवढंसं ते. मला एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना. इतक्या वर्षांचा तुझा नेम, पहारा अर्धा सोडून आलीस, वाईट नाही वाटलं?

"सोडला कुठं? तुझ्या हातात दिला की."

"माझ्यावर एवढा भरवसा?"

"तुझ्यावर न्हाई गं," ती हसली. "ज्याची वीणा हाय, त्याच्यावर." आणि तिने रेखाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. मला देव भेटला असं म्हणण्याइतकी मी खुळी नाही. फोन पिशवीत ठेवून मनातल्या मनात नाव घेऊन पाहिलं. सेलू येईपर्यंत मन सोसायटीच्या पाण्यावर गेलं आणि माझं मलाच हसू आलं. खांदा मात्र अजून ठणकत होता. मी त्यावर हात ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.