सरांचे मिरचीवाले

वर्गात एका ठरावीक पानावर आले की आमचे सर चष्मा काढायचे, खिशातला घडीचा रुमाल डोळ्यांना लावायचे आणि म्हणायचे, "माणसाची किंमत कपड्यावरून करू नका, बरं का." दर वर्षी तेच पान, तोच रुमाल. मुलं आधीच एकमेकांना कोपरानं ढोसायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. गहिवर येतो तोही वेळापत्रकाप्रमाणे.

कादंबरी जुनी, इंग्लंडच्या राणीच्या काळातली. लोहाराच्या घरात वाढलेला पोरगा कुणाच्या तरी पैशावर शहरात जातो, साहेब होतो आणि ज्यानं वाढवलं त्याचीच लाज धरू लागतो. लातूरच्या आमच्या कॉलेजात सर ती तीस वर्षं शिकवत होते. शिकवायचे झकास, ते मी नाकारत नाही. त्या पोराच्या खोटेपणाची अशी काही सालं काढायचे की ऐकणाऱ्याला आपलीच शरम वाटावी.

तास संपवून विभागात आले की सर वेगळे. आमच्या विभागात चहाच्या दोन जाती होत्या. कायम नोकरीवाल्यांना कपबशी, आणि माझ्यासारख्या तासिका तत्त्वावरच्यांना कागदी कप. हा नियम सरांचा. नवा माणूस भेटला की हात पुढं करायच्या आधी विचारायचे, "कायम की तासिका?" देवणीकडची, कंधारकडची मुलं "हाव सर", "न्हाई सर" म्हणाली की सर म्हणत, "आधी जीभ धुऊन या, बरं का." स्वतःचं गाव विचारलं तर नांदेड सांगायचे. नांदेडात कुठं, ते आम्हाला कधी कळलं नाही.

एका चैत्रात दुपारी विभागाच्या दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. धोतर, खांद्यावर पोतं. ते आत आले आणि आम्ही सगळे शिंकायलाच लागलो. अंगरख्यात मिरचीचा खकाणा असा बसलेला की धुऊनही गेला नसता. सर चटकन उठले. मी विचारलं, कोण हो सर? सर म्हणाले, "आमचे मिरचीवाले. धर्माबादहून आणतात. माल खात्रीचा."

म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. चहाला आलेल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम पुढं सरसावल्या, मलाही दोन किलो आणाल का म्हणाल्या. म्हाताऱ्यांनी एकदा सरांकडं पाहिलं आणि म्हणाले, "हाव, आणतो की."

तेव्हापासून दर चैत्रात धर्माबादची मिरची आमच्या कॉलेजात येऊ लागली. मॅडमची दोन किलो, ग्रंथपालांची तीन, माझी एक. बसच्या टपावर टाकून, नांदेडला गाडी बदलून ते पोती आणायचे आणि विभागाच्या दाराशी बसून वाटायचे. सर तेवढ्यात नेमके प्राचार्यांकडं जायचे. मी तर एकदा चिडले आणि मिरचीवाल्यांना झापलं, मिरचीला देठ फार होते म्हणून. पुढच्या वर्षी माझी पिशवी देठ काढून आली. घरी दोघा नवराबायकोनं बसून काढले म्हणाले. मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं, की काय पण गिऱ्हाईक सांभाळतो हा माणूस!

मग सरांच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी माइकवरून नावं पुकारून पाहुण्यांचा सत्कार होतो. मोठ्यांना फेटा, गावाकडच्यांना टॉवेल-टोपी. नावं पुकारायचं काम माझ्याकडं आलं. एक तर माझा आवाज बरा, आणि दुसरं म्हणजे तासिकेवरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. सरांनी दोन याद्या हातात दिल्या. फेट्याच्या यादीत संस्थेचे लोक, दोन डॉक्टर, एक बिल्डर. टॉवेल-टोपीच्या यादीत व्याह्यांची गावाकडची मंडळी. सरांच्या स्वतःच्या गावाचं दोन्हीकडं एकही नाव नाही.

मंगल कार्यालयात नवरी मांडवाकडं निघाली ती मध्येच थांबली. भटारखान्याच्या दाराशी आमचे मिरचीवाले उभे होते, धुतलेल्या धोतरात. ती खाली वाकली, त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "मोठे बाबा, तुम्ही वर चला ना." ते नुसतेच हसले. मी तिला बाजूला घेऊन विचारलं. तिनं त्यांचं नाव सांगितलं आणि म्हणाली, पप्पांचे सख्खे मोठे भाऊ. आजोबा लवकर गेले, तेव्हापासून मिरचीच्या अडतीवर हमाली करून यांनीच पप्पांना शिकवलं. घरी येतात ते अंधार पडल्यावर, मागच्या दारानं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे ऐकून होते. पण असा पाषाण? तशीच सरांकडं गेले. ते आरशासमोर फेटा नीट करत होते. विचारलं, मोठ्या भावाचं नाव कुठल्या यादीत घालू? आरशातूनच म्हणाले, "त्यांना माइकवर नाव घेतलेलं आवडत नाही, बरं का." मी बाहेर आले, पेन काढलं आणि फेट्याच्या यादीत सगळ्यात वर ते नाव लिहिलं. आज सगळ्या स्टाफसमोर पुकारायचंच, मग काय व्हायचं ते होवो.

मी स्टेजच्या पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात मिरचीवाले समोर आले. पोरगी माझ्याशी बोलली ते त्यांनी पाहिलं होतं. हलक्या आवाजात म्हणाले, "म्याडम, माझं नाव नका घेऊ. तुमची समदी माणसं मला मिरचीवालाच समजतेत. आज भाऊ निघालो तर धाकटा खोटा पडल. पोरीचं लगीन हाय."

मी नाव खोडलं. त्यांच्या शब्दाखातर खोडलं, असं पुढं बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते. खोटं कशाला बोलू? मला हायसं वाटलं होतं. जूनमध्ये माझी पुढच्या वर्षाची ऑर्डर निघायची होती आणि ती सरांच्या सहीनं निघत असे. बिल्डरचं नाव मी फार छान पुकारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिरचीवाले जेवणाच्या पंगतीत वाढत होते.

दोन वर्षांनी सर निवृत्त झाले आणि लातूरचं घर विकून मुलाकडं पुण्याला गेले. निरोपाच्या भाषणातही रुमाल निघाला. त्यानंतरच्या चैत्रात मिरचीवाले पोतं घेऊन हजर. सरांच्या खुर्चीत दुसरंच कुणी बसलेलं पाहून दारातच थबकले. "सर कुठं?" असं त्यांनी विचारलं. पुण्याला गेले, कायमचे, असं मॅडमनी सांगितलं.  पोतं तिथंच ठेवून ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले की फोन लागत नाही, नवा नंबर असेल तर लावून द्या.

आम्ही व्हरांड्यात गेलो. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून मी स्पीकर लावला. पलीकडून सरांचा आवाज आला. हे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "सर, मी धर्माबादहून बोलून राहिलो." मीच फक्त होते तिथं, तरी भावाला "सर" म्हणाले!  मग सर म्हणाले, "यंदा मिरची नको, बरं का. इथं तयार पूड मिळते." आणि फोन ठेवला.

"आवाज खणखणीत हाय," ते मला म्हणाले. "तब्येत बरी असल."

मला राहवलं नाही. आता भिण्यासारखं काय होतं? सर गेले होते, ऑर्डरवर सही दुसऱ्या कुणाची होणार होती. फुकटचं धाडस करायला कुणालाही जमतं. आम्ही दोघं विभागात परत आलो आणि मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की हे मिरचीवाले नाहीत, हे सरांचे सख्खे मोठे भाऊ आहेत, यांनी हमाली करून सरांना शिकवलं.

सगळे त्यांच्याकडं बघू लागले. मॅडमच्या हातातली पिशवी हातातच राहिली.

"न्हाई वो," ते म्हणाले. "म्याडम मजा करून राहिल्यात. सर कुठं अन् आम्ही कुठं!"

सगळे हसले. तेही त्यांच्यात मिसळून हसले, खाली बसले आणि मॅडमची दोन किलो मिरची मोजू लागले. माझ्याकडं त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. पुढच्या चैत्रात ते आले नाहीत.