नोव्हेंबरातले दोन बेडूक

मडक्यात दोनच बेडूक उरले होते, आणि दोन्ही पेंगत होते.

मी तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जनाना दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. दिवस गेलेत की नाही हे सांगणारी आजची पट्टी त्या काळी नव्हती. नर बेडूक होता. बाईची लघवी गाळून सुईने त्याच्या कातडीखाली टोचायची. दिवस गेलेले असले तर तिच्या लघवीत एक हार्मोन येतं. त्याचा असर असा, की दोन-चार तासांत बेडकाच्या लघवीत शुक्रजंतू दिसायला लागतात. मायक्रोस्कोपखाली वळवळ दिसली तर पॉझिटिव्ह, नाही तर निगेटिव्ह. मादी या कामाला चालत नाही. नर ओळखायची खूण सोपी आहे. पाठीवरून धरला की तो कुरकुर करतो. हे ऐकून आमच्या नर्सबाई म्हणायच्या, कुरकुर करणारा नर घरोघरी आहे, यासाठी दवाखान्यात यायची काय गरज?

पावसाळ्यात बेडूक हवे तेवढे मिळायचे. थंडी पडली की ते जमिनीत गडप. त्या नोव्हेंबरात तर अख्खं सरकारच ग्वाल्हेरहून गडप होत होतं. आधी संस्थान गेलं, मग मध्यभारत झाला, आता मध्यप्रदेश. आठ वर्षांत आमच्या दवाखान्याचं लेटरहेड दोनदा बदललं. राजधानी भोपाळला गेली, आणि फायलींच्या मागोमाग मराठी कारकुनांची घरंच्या घरं निघाली.

त्यातलंच एक घर सराफा बाजारामागे राहणाऱ्या सुधाचं. ती सचिवालयात टायपिस्ट होती. नवरा त्याच्या ऑफिसबरोबर आधीच भोपाळला पोचला होता. हिला सोमवारपर्यंत तिथे जॉइन व्हायचं होतं, नाही तर पोस्ट जाणार होती. बुधवारी दुपारी ती पदराखाली बाटली लपवून आली. पाळी चुकून तीन आठवडे झाले होते.

"सासूबाईंना माहीत आहे?" मी विचारलं.

"कसं असेल? मागच्या महिन्यात चार दिवस बाहेर बसली होती ना मी."

मला क्षणभर कळेना. तेव्हा आमच्या घरांतून पाळी आली की बाई चार दिवस बाजूला बसायची. वेगळं अंथरूण, वेगळं ताट, स्वयंपाकघरात पाऊल नाही. त्यामुळे कुणाची पाळी कधी आली हे घराला पंचांगासारखं पाठ असायचं, आणि चुकली तर तेही. सुधाने पाळी आलेली नसताना चार दिवस कोपऱ्यात बसून काढले होते. सासूबाईंचा नियम होता, की पहिलटकरणीने गाडीचे धक्के खायचे नाहीत. दिवस गेल्याचं कळलं असतं तर त्यांनी तिला बाळंतपणापर्यंत लष्करातून हलू दिलं नसतं.

"मग टेस्ट कशाला?"

"नसेल तर आरामात जाईन. असेल तर सांगीन घरी. बाळाचा सवाल आहे, एवढं खोटं नाही निभत माझ्याच्यानं. पण मग नोकरी गेली माझी."

मला तिची फार कणव आली. सकाळची पहिलीच लघवी आहे ना, असं मी विचारलं. ती घट्ट असते, त्यात हार्मोन जास्त असतं. सुधाने मान हलवली. बाटली हाताला कोमट, नुकतीच भरल्यासारखी लागली, पण मी पुढे काही विचारलं नाही.

ती जाऊन तास झाला नसेल, तेवढ्यात तिच्या सासूबाई आल्या. राधाकाकूंना मी हळदीकुंकवापासून ओळखत होते. मला वाटलं, सुधा पकडली गेली. काकूंनी दार लोटलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पदराखालून अत्तराची धुतलेली बाटली काढली.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या.

चौदाव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी मुलगा. वय चव्वेचाळीस. दोन महिने पाळी नव्हती. आणि त्याही मागच्याच आठवड्यात चार दिवस बाहेर बसून उठल्या होत्या, सुनेला संशय येऊ नये म्हणून. म्हणजे त्या घरात महिनाभर सासू-सून आळीपाळीने कोपऱ्यात बसत होत्या, एकीची पाळी असताना दुसरी पोळ्या लाटत होती, आणि प्रत्यक्षात कुणालाच काही झालेलं नव्हतं.

"सून घरात आणि मी पाळणा बांधू? लोक तोंडात शेण घालतील गं पोरी," काकू म्हणाल्या. मला हसू आवरेना आणि वाईटही वाटत होतं. एकीचं दुसरीला सांगणं आमच्या धंद्यात पाप. मी दोन्ही बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि कामाला लागले.

नियमाने एका बाईला दोन बेडूक लागतात, कारण एकटा बेडूक चुकू शकतो. माझ्याकडे दोन बायका आणि दोन बेडूक. मी एकेक वाटून टाकला. संध्याकाळी सुधाच्या बेडकात काही नव्हतं. काकूंच्या बेडकात जत्रा भरली होती.

स्लाइड आणि सुधाचा बेडूक घेऊन मी आमच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी बेडूक उलटा करून पाहिला.

"ये तो ठंड में खुद सो रहा है, गवाही क्या देगा? और ये दूसरी, चव्वालीस की? माहवारी जाने की उमर में भी मेंढक धोखा खा जाता है। दोनों दोबारा करो।"

पाळी जायच्या वयात बाईच्या अंगात दुसरं एक हार्मोन वाढतं. बेडकाला दोन्हींतला फरक कळत नाही. पण पुन्हा करायला बेडूक कुठे होता? एकदा टोचलेल्याला आराम द्यावा लागतो. मी दोन्ही रिपोर्टांवर 'संशयास्पद, पुन्हा तपासणी' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सुधाला सांगितलं, काही दिसलं नाही, पण खात्री नाही. ती 'काही दिसलं नाही' एवढंच ऐकून ढसाढसा रडली. काकूंना सांगितलं, दिसलं, पण या वयात ते खोटंही असतं, डॉक्टरांना दाखवा. त्यांनीही पहिला शब्द तेवढा ऐकला. त्या म्हणाल्या, "सुधेला शनिवारीच भोपाळला धाडते. मला दिसायला लागायच्या आत ती घरात नको."

शनिवारी काकूंनी स्वतः सुनेची ट्रंक भरली, लाडू बांधून दिले आणि तिला स्टेशनवर पोचवून आल्या. एवढी मोकळ्या मनाची सासू लष्करात दुसरी नाही, असं शेजारणी पुढे महिनाभर म्हणत होत्या. सुधा सोमवारी जॉइन झाली.

फाल्गुनात काकू लॅबमध्ये आल्या. पोट सपाट. हातात भोपाळचं पत्र होतं. सुधाला सहावा महिना लागला होता, नोकरी पक्की झाली होती, आणि आईंनी लवकर यावं असं तिने लिहिलं होतं.

"तुझे दोन्ही बेडूक खोटारडे," काकू म्हणाल्या. मग बोटांवर महिने मोजायला लागल्या. आश्विनाशी येऊन बोट थांबलं. "पण तेव्हा तर ती बाहेर बसली होती."

मी स्लाइड पुसत राहिले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे, आणि स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "मेली माझ्यापेक्षा हुशार निघाली," म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात भोपाळला गेल्या.

मी पुढे तीस वर्षं लॅबमध्ये काढली. हिवाळ्यातल्या बेडकावर आणि कुठल्याही ऋतूत बाहेर बसलेल्या बाईवर मात्र परत कधी डोळे झाकून विश्वास ठेवला नाही.