साडूंचा माळ आणि हौसेचा युरिया

या भूतलावर नाकतोड्याला पाहुण्याचा मान देणारा एकच गृहस्थ आहे, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. सणसवाडीच्या एका कारखान्यात जन्मभर क्वालिटी चेकिंग करून ते रिटायर झाले आणि कासुर्डीला आपल्या माळावर येऊन बसले. कारखाना सुटला, चेकिंग काही सुटलं नाही. बाजारात मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करून, पानांना भोकं असतील तीच जुडी घेणार. "अळीनं आधी टेस्ट केलीय, मटेरियल ओके हाय," असं वर भाजीवालीलाच समजावणार. अख्खं, गुळगुळीत पान दिसलं की रिजेक्ट! घरी कुणी आलं की चहाच्या आधी त्याला माळावर नेऊन पालथं झोपवायचं, ही त्यांची आदरातिथ्याची रीत. मी एकदा नवी कोरी पँट घालून गेलो, तर तिच्यासकट पालथा पडलो. समोर एक नाकतोडा पवन्या गवताचं पातं कुरतडत होता. काही विचारायला मी तोंड उघडलं, तोच साडू कुजबुजले, "हळू बोला पाव्हणं, जेवतोय त्यो."

पण खरं सांगतो, श्रावणातल्या सकाळी तसं पडून राहिलं की हळूहळू आपण कुठले, कशाला आलो, हे सगळं पुसट होत जातं. हायवेवरच्या ट्रकचा आवाज दूर कुठेतरी वाहत राहतो. गवताच्या काड्यांमधून ऊन खाली ठिबकतं आणि जमिनीला बिलगून विष्णुक्रांतेची निळी फुलं उमलतात, शर्टाच्या बटणाएवढी. दुपार झाली की मिटतात. साडूंचा सगळा जीव त्या निळ्यात. "गवताचं बी माणसागत हाय," ते म्हणायचे. "जास्ती खायला घातलं की माजतं, शेजाऱ्याचं ऊन गिळतं. ही किडं वरनं कुरतडत्यात, तवा कुठं खाली उजेड पोचतोय." मला त्यांचा हेवा वाटायचा. माझ्या आयुष्यात मी इतकं आडवं होऊन काहीच पाहिलं नव्हतं.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. पाऊस लागल्या लागल्या ते पुण्याला लेकीकडे गेले. इकडे ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्या मेहुणीने, मनात बेत केला की नव्या डोळ्यांनी ह्यांना माळ हिरवागार दिसला पाहिजे. भुरभुर पाऊस बघून त्यांनी स्वतः ओटीत घेऊन अख्ख्या माळावर युरिया फेकला. माळाला युरिया घालणारी बाई आमच्या अख्ख्या नातेवाइकांत ती एकच.

साडू काळा चष्मा लावून परतले, तेव्हा मी बरोबर होतो. गवत कंबरेएवढं झालं होतं, सगळं एकजात, गर्द. बांधावर चार माणसं कौतुक करत उभी. साडू आत शिरले, वाकले, हाताने गवत फाकवून पाहिलं, थोडं पुढे जाऊन पुन्हा पाहिलं. खाली नुसता अंधार होता. निळं एकही नव्हतं.

"कसं वाटतंय?" ताईंनी विचारलं. चेहरा नव्या नवरीसारखा फुललेला.

"लई हिरवं," साडू म्हणाले. चष्मा काही त्यांनी काढला नाही.

ते कोवळं, गोड गवत खायला पुढे नाकतोड्यांची झुंबड उडाली. आपली भेट फस्त होतेय म्हणून ताईंनी फवारणीचा पंप आणला. तो दूर ठेवायला साडूंनी काय काय रचलं! आज वारा हाय, आज एकादशी हाय. शेवटी म्हणाले, "डॉक्टरनी औषधाच्या वासाला मनाई केलीय. डोळा जायाचा." बिचाऱ्या ताईंनी घाबरून पंप परत धाडला. नाकतोडे निवांत जेवले.

यंदा श्रावणात गेलो तर साडू माळाच्या कडेला पालथे पडलेले. निळी फुलं आली होती, पण त्या कडेलाच, मोजकी. बाकी माळ अजून त्याच उंच गवताखाली. "माती खाल्लेलं लवकर इसरत न्हाई," ते हळूच म्हणाले, "माझ्यानं तेवढी वाट बघणं व्हतंय का, कुणास ठाऊक."

ताई मागे चहा घेऊन कधी आल्या, आम्हाला कळलंच नाही.

"आधी सगळ्या माळावर व्हती ही?" त्यांनी विचारलं.

साडूंनी मान डोलावली.

"मग मला तवाच का न्हाई सांगितलं? औषधानं डोळा जायाचं बी खोटंच ना?"

"तू लई हौसेनं टाकला व्हतास," साडू जमिनीकडे बघत म्हणाले.

ताईंनी कप बाजूला ठेवले. मग पदर खोचून त्या नवऱ्याशेजारी गवतात पालथ्या झाल्या. एक नाकतोडा उडून त्यांच्या खांद्यावर बसला. साडूंनी झटकायला हात उचलला, तर ताई म्हणाल्या, "असू द्या. बसू द्या त्याला."