बंब पाठवा!

आधी चहा खाली ठेवा. अंगावर सांडेल, आणि तो दोषही माझ्यावर येईल. कारण मी एकदा जे करून ठेवलंय ना, ते ऐकून माणसं ठसकतात!

मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. कॉलेज रोडला सोलरवर पाणी तापवणाऱ्या यंत्रांचं एक ऑफिस होतं. तिथे मी सर्व्हेला लागले. काम काय? लोकांच्या गच्चीवर चढायचं आणि ऊन कुठून येतं ते बघायचं. पहिल्याच शिडीवर माझे पाय असे लटपटले की दोघांनी मला उचलून खाली आणलं. मग साहेबांनी मला फोनवर बसवलं. "हेही जमलं नाही, तर सोमवारपासून येऊ नका."

बाबा तर टपूनच होते. "ऊन विकायची कसली नोकरी? ही सुटली की बी.एड.चा फॉर्म भर!" आणि चाळीस पोरांसमोर उभं राहायचं? मला? नुसत्या विचारानेच घाम फुटायचा!

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. मी दचकले. (मी प्रत्येक फोनला दचकायचे.)

"अवो, बंब कुठंय? लवकर पाठवा!" मखमलाबादहून एक काकू ओरडत होत्या. "चार माणसं गच्चीवर अडकून बसलीत! बंब आल्याबिगर उतरत नाय म्हणतात!"

आता तुम्हीच सांगा, बंब म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लाल गाडी, घंटा, आग! आमच्या ऑफिसात पाणी तापवायच्या यंत्राला सगळे 'सिस्टिम' म्हणायचे, बंब कोणीच नाही. मला वाटलं, बाईंचा राँग नंबर लागलाय.

"घरात अजून कोण आहे काकू?"

"लग्नघर हाय, पन्नास माणूस हाय! नवरदेव हळद लावून न्हाणीत बसलाय!"

"त्याला आधी बाहेर काढा!"

"असा कसा काढू? उघडा हाय तो!"

"उघडा तर उघडा! जीव महत्त्वाचा!"

पत्ता घेतला, अग्निशमन दलाला फोन केला आणि स्वतः रिक्षाने धावले.

पोचले तर अख्खं वऱ्हाड रस्त्यावर. मध्ये टॉवेल गुंडाळलेला पिवळाधमक नवरदेव. लाल गाडी दारात. आणि गच्चीवरून, टाकीची वाट बघत बसलेले आमच्याच ऑफिसचे चार फिटर वाकून बघतायत!

"आग कुठंय?" बंबवाल्या साहेबांनी विचारलं.

काकूंनी गाडीभोवती एक चक्कर मारली, नळीच्या तोंडाशी ठिबकणाऱ्या पाण्यात बोट बुडवलं आणि कडाडल्या, "एवढा मोठा बंब, अन् पाणी गारच?"

संपलं! नोकरी गेली! मी दोन पत्रं लिहिली. एक साहेबांना राजीनामा, दुसरं अग्निशमन दलाला माफीनामा. दोन्ही पाकिटं पोचती केली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. ते डोळे पुसत होते. हसून हसून! त्यांनी पत्र वाचून दाखवलं: "यापुढे खरी आग लागली तरी आपणांस त्रास देणार नाही."

म्हणजे पाकिटं बदलली होती!

"राहा तुम्ही," साहेब म्हणाले. "काकू खूश आहेत. म्हणतात, टाकी उशिरा आली, पण एका फोनवर पळत येणारी मुलगी दुसरीकडे नाय."

हुश्श करून जागेवर येते, तोच फोन.

"ताई, अग्निशमन दलातून बोलतोय. तुमचा राजीनामा मिळाला. पण तुम्ही आमच्याकडे नोकरीला लागलात कधी?"

आणि मी, दचकून, "एक मिनिट हं सर, बघून सांगते!"